पाणपक्ष्यांची पारख

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर गेले की उन्नाव जिल्ह्यातील नवाबगंज हे गाव लागते. रस्त्याच्या लगतच एक उथळ, गवताळ तलाव पसरलेला आहे. पावसाळ्यात तो पावसाच्या पाण्याने भरतो आणि शारदा कालव्याचे पाणीही त्याला मिळते. १९८४ मध्ये ह्या तलावाला पक्षी-अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे त्याला शहीद चंद्रशेखर आझाद ह्यांचे नाव देण्यात आले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या यादीतही त्याचा समावेश झाला. सुमारे सव्वादोनशे हेक्टरांच्या ह्या जागेत कायमचे रहिवासी आणि हिवाळी पाहुणे मिळून दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

हिवाळ्यातील एखाद्या सकाळी तेथे प्रथमच गेलेल्या मनुष्यास पक्षी पुष्कळ दिसतात. परंतु जाती मात्र अगदी मोजक्या दिसतात. पांढरे तेवढे बगळे, काळे तेवढे पाणकावळे, पाण्यावर तरंगणारी तेवढी बदके आणि चिखलात चोच खुपसणारी ती सारी 'बारीक पाखरे'. चार शब्दांत त्याचा तलाव संपतो. त्याच काठावर उभा असलेला अनुभवी निरीक्षक तासाभरात तीस-चाळीस जाती सहज लिहून घेतो. त्याचे डोळे काही अधिक तीक्ष्ण असतात असे नाही. काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे त्याला ठाऊक असते. तो क्रम कोणता आणि तो पाळण्याचे कष्ट कशासाठी घ्यावयाचे, ह्याचा विचार ह्या पुस्तिकेत केला आहे. उदाहरणे नवाबगंजची असली, तरी त्यांतील बहुतेक पक्षी नांदूर-मधमेश्वर, जायकवाडी किंवा आपल्या गावाजवळच्या एखाद्या पाझर तलावावरही भेटतात. तेव्हा महाराष्ट्रातील वाचकासही ही माहिती तितकीच उपयोगी पडेल.

हातातील पक्षी आणि दूरचा पक्षी

लखनौ परिसरातील पक्ष्यांचा अभ्यास फार जुना आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांच्या 'स्ट्रे फेदर्स' ह्या नियतकालिकात जॉर्ज रीड ह्यांनी १८८१ मध्ये लखनौ विभागातील पक्ष्यांची विस्तृत यादी प्रसिद्ध केली. त्या काळी पक्षी ओळखणे ह्याचा अर्थ बहुधा तो मारून हातात घेणे असाच होता. पंखाची लांबी पट्टीने मोजावयाची, चोचीचा आकार जवळून तपासावयाचा, पिसे एकेक उलटून पाहावयाची आणि मग नाव ठरवावयाचे, अशी ती पद्धत होती. तिच्यामुळे संग्रहालयांत अमूल्य नमुने जमा झाले. परंतु जिवंत पक्षी दुरून पाहणाऱ्यास तिचा उपयोग थोडाच होता.

विसाव्या शतकात दुर्बीण सुलभ झाली आणि पद्धत पालटली. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन ह्यांनी १९३४ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक चित्रावर बाण काढून, दुरूनही दिसू शकेल अशा नेमक्या खुणा दाखविल्या होत्या. आपल्याकडे डॉ. सलीम अली ह्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ मध्ये निघाले आणि सामान्य वाचकास बंदुकीवाचून पक्षी ओळखता येऊ लागले. आता प्रश्न पंखाच्या मापाचा उरला नाही. शंभर पावलांवरून, हलत्या गवतामागून, क्षणभरच दिसलेल्या पक्ष्यात काय टिपावयाचे, हा प्रश्न पुढे आला.

पाहण्याचा क्रम

नवशिका मनुष्य प्रथम रंग पाहतो. अनुभवी निरीक्षक रंगाकडे बहुधा शेवटी वळतो. ह्याचे कारण सोपे आहे. सूर्य समोर असला की तपकिरी पक्षीही काळा दिसतो. धुक्यात करडा पांढरा भासतो. शिवाय वय, लिंग आणि ऋतू ह्यांप्रमाणे एकाच पक्ष्याची पिसे, चोच आणि पाय ह्यांचे रंग बदलत असतात. म्हणून पुढील क्रम पाळणे हिताचे ठरते.

प्रथम आकारमान पाहावे. परंतु ते सेंटिमीटरांत अजमावू नये, कारण पाण्यावर अंतराचा अंदाज हटकून चुकतो. शेजारच्या ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करावी. त्यानंतर ठेवण पाहावी: मान किती लांब, चोच डोक्याच्या मानाने केवढी, शेपटी पाण्याबाहेर किती निघते. तिसरी गोष्ट म्हणजे वागणूक: पक्षी बुडी मारतो की नुसते डोके बुडवितो, एकटा फिरतो की थव्याने, शेपटी हलवितो की स्थिर उभा राहतो. चौथी गोष्ट जागा आणि महिना. ह्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर संशयित जाती दोन-तीनच उरतात आणि मग रंगाची एखादी खूण निर्णय देऊन जाते.

पांढरे पक्षी

पांढरा पक्षी दिसला की तो बगळाच, हा समज आधी दूर केला पाहिजे. नवाबगंजसारख्या तलावावर पांढरा शराटी, चमचा आणि मुग्धबलाक हेही दुरून पांढरेच दिसतात. त्यांना वेगळे काढण्याची उत्तम वेळ म्हणजे उड्डाण. बगळा उडताना मान मागे ओढून तिची घडी घालतो आणि डोके खांद्यांजवळ घेतो. शराटी, चमचा, बहुतेक बलाक आणि सारसासारखे क्रौंच मान पुढे ताणून उडतात. ही एक खूण ध्यानात ठेवली तर निम्मा गोंधळ मिटतो. बसलेल्या पक्ष्यात चोच बोलकी असते. शराटीची चोच विळ्यासारखी खाली वळलेली असते. चमच्याची टोकाशी चपटी व रुंद असते. मुग्धबलाकाची चोच मिटली तरी मध्ये फट राहते.

आता खरे बगळे घेऊ. ह्या तलावावर पांढऱ्या बगळ्यांच्या चार जाती शेजारी शेजारी दिसू शकतात.

छोटा बगळा सडपातळ असून त्याची लांबी सुमारे साठ सेंटिमीटर असते. चोच काळी, पाय काळे आणि पायांची बोटे मात्र पिवळी, ही त्याची प्रसिद्ध खूण. परंतु ती नेहमी दिसत नाही. बोटे चिखलाने माखलेली असतात किंवा पाण्याखाली असतात. अशा वेळी त्याच्या हालचालीकडे पाहावे. तो चंचल असतो. उथळ पाण्यात धावतो आणि पायाने तळ ढवळून लपलेले मासे बाहेर काढतो. पुढे तो उडाला की मागे ताणलेली पिवळी बोटे दिसतात आणि अनुमान पक्के होते.

मोठा बगळा जवळजवळ दीडपट लांब, म्हणजे नव्वद सेंटिमीटरांच्या वर असतो. त्याची मान शरीराहून लांब असून तिला मध्येच एक ठळक कोन पडलेला दिसतो. तो संथपणे पावले टाकतो, किंवा बराच वेळ खांबासारखा उभा राहतो.

खरी परीक्षा आहे ती मध्यम बगळ्याची. तो एकटा उभा असला तर लहान मोठा बगळा वाटतो आणि दुरून पाहिला तर ढोबळ छोटा बगळा वाटतो. त्याची बोटे काळी असल्याने छोट्या बगळ्यापासून तो वेगळा होतो. मोठ्या बगळ्यापासून त्याला वेगळे करण्यासाठी तोंडाच्या फटीची रेषा पाहावी. चोचीच्या मुळापासून मागे जाणारी ही रेषा मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. दुर्बिणीतून ती स्पष्ट दिसते आणि ऋतूप्रमाणे बदलत नाही, हे तिचे विशेष महत्त्व.

ऋतूचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. मोठ्या आणि मध्यम बगळ्यांची चोच हिवाळ्यात पिवळी असते, परंतु विणीच्या काळात, म्हणजे उत्तर भारतात मुख्यतः पावसाळ्यात, ती काळी होते. "पिवळी चोच तो मोठा, काळी चोच तो छोटा" असा नियम जानेवारीत पाठ केलेला विद्यार्थी ऑगस्टमध्ये त्याच तलावावर गेला तर सर्व बगळ्यांना छोटा बगळा म्हणून मोकळा होईल. विणीच्या काळात उपयोगी पडतात ती शोभेची पिसे. छोट्या बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसांची शेंडी लोंबते आणि पाठीवर व छातीवर झिरझिरीत पिसे येतात. मध्यम बगळ्यास शेंडी नसते, पण पाठ व छाती दोन्हींवर पिसे असतात. मोठ्या बगळ्यास ती केवळ पाठीवर असतात. ह्याच पिसांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर बगळ्यांची कत्तल झाली. युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्या त्यांनी सजविल्या जात. हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीस १९०२ मध्ये बंदी घातली.

चौथा गायबगळा. हा सर्वांत ठेंगणा. मान जाड, चोच आखूड व पिवळी, आणि चोचीखालची पिसे पुढे आल्यामुळे हनुवटी फुगीर दिसते. उन्हाळ्यात व पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी छटा येते. हिवाळ्यात तो पांढराशुभ्र असतो. तो पाण्यापेक्षा गवतात आणि गुराढोरांच्या पायांशी अधिक रमतो. त्यांच्या चालण्याने उडणारे किडे टिपतो.

पाणकावळे आणि तिरंदाज

तलावात वाळलेल्या झाडावर पंख पसरून बसलेले काळे पक्षी बहुधा पाणकावळे असतात. बुड्या मारून त्यांची पिसे भिजतात, म्हणून ती उन्हात वाळवावी लागतात. त्यांच्या तीन जाती येथे येतात.

मोठा पाणकावळा बदकाहून बराच थोराड, जाड चोचीचा असून त्याच्या गळ्याशी पिवळी कातडी व पांढरा पट्टा असतो. तो ओळखण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. घोटाळा होतो तो छोटा पाणकावळा आणि भारतीय पाणकावळा ह्या दोघांत. पहिला सुमारे पन्नास, तर दुसरा त्रेसष्ट सेंटिमीटर लांब असतो. परंतु जवळ तुलनेस दुसरा पक्षी नसेल तर हा फरक जाणवत नाही. म्हणून चोच आणि डोके ह्यांचे प्रमाण पाहावे. छोट्या पाणकावळ्याचे डोके गोल असते आणि चोच आखूड, डोक्याच्या सुमारे निम्मी असते. भारतीय पाणकावळ्याची चोच बारीक व लांब असून जवळजवळ डोक्याएवढी भरते. त्याचा डोळा निळा-हिरवा असतो. गळ्याशी दिसणाऱ्या पांढरेपणावर मात्र विसंबू नये, कारण तो दोघांतही आढळतो.

तिरंदाज हा त्यांचा जवळचा नातलग आहे. पाणकावळ्याच्या चोचीचे टोक आकडीसारखे वळलेले असते. तो मासा पकडतो. तिरंदाजाची चोच सरळ व टोकदार असते. तो मासा भोसकतो. पोहताना त्याचे शरीर पाण्याखाली बुडते आणि सापासारखी लांब मान तेवढी वर राहते. केवळ मान दिसली तरी त्याचे नाव बिनचूक लिहिता येते.

वारकरी आणि पाणकोंबडी

पाण्यावर तरंगणारा प्रत्येक पक्षी बदक नसतो. वारकरी हा काळा पक्षी बदकांच्या थव्यात मिसळून पोहतो. चोच पांढरी आणि कपाळावर पांढरा टिळा असल्यामुळे त्याचे मराठी नाव ध्यानात राहण्यास वेळ लागत नाही. तो उघड्या पाण्यावर मोठ्या थव्याने राहतो, बुडी मारतो आणि उडण्यापूर्वी पाण्यावरून छपछप धावत जातो. पाणकोंबडी मात्र गवताच्या कडेने वावरते. तिचे कपाळ लाल, चोचीचे टोक पिवळे आणि कुशीवर तुटक पांढरी रेघ असते. ती सारखी शेपटी उडविते आणि शेपटीखालचा पांढरा रंग चमकतो. तिची पिले मोठी झाली तरी काही महिने तपकिरीच असतात व त्यांच्या कपाळावर लाल रंग नसतो. अशा वेळी कुशीवरची रेघ आणि शेपटीची उसळी ह्याच खुणा उरतात.

बदकांच्या माद्या

बदकांचे नर ओळखणे सोपे, परंतु माद्या सर्व सारख्याच तपकिरी व ठिपकेदार. अंडी उबविताना शत्रूच्या दृष्टीस न पडावे ह्यासाठी हा रंग उपयोगी पडतो. त्यात आणखी एक अडचण आहे. विणीनंतर नर आपली भडक पिसे टाकतात आणि काही आठवडे माद्यांसारखेच दिसतात. ऑक्टोबरमध्ये मध्य आशिया व सायबेरियाकडून जी बदके येऊन उतरतात, त्यांतील पुष्कळ नर ह्याच वेषात असतात. त्यामुळे ऑक्टोबरातील थवा जानेवारीतील थव्यापेक्षा कठीण असतो. नवशिक्याने अभ्यास जानेवारीत सुरू करावा.

थापट्याची मादी सर्वांत सोपी. तिची चोच टोकाशी रुंद, फावड्यासारखी असते. तलवार बदकाची मादी लांब मान, करडी चोच आणि टोकदार शेपटी ह्यांवरून कळते. गडवालाच्या मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी असतात आणि उडताना पंखावर एक पांढरा चौकोन उमटतो. हळदी-कुंकू बदकात नर-मादी सारखेच असतात; काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे आणि मुळाशी कुंकवासारखे दोन लाल ठिपके.

सर्वांत कठीण जोडी चक्रांग आणि भुवई बदक ह्यांच्या माद्यांची. दोन्ही लहान व तपकिरी. त्यांचा चेहरा पाहावा. चक्रांगाच्या मादीचा चेहरा जवळजवळ एकरंगी असतो, आणि शेपटीच्या मुळाशी बाजूस एक फिकट रेघ असते. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर पट्टे असतात: डोळ्यावर फिकट भुवई, डोळ्यातून जाणारी गडद रेघ, आणि चोचीच्या मुळाशी एक फिकट ठिपका. दिनदर्शिकाही येथे साहाय्य करते. भुवई बदके लवकर येतात. ऑगस्टअखेर दिसणारे लहान पाहुणे बदक बहुधा तेच असते.

चिखलावरच्या तुतारी

काठावरच्या तीन तुतारींचा उल्लेख संक्षेपाने करू. सामान्य तुतारी शरीराचा मागील भाग सतत वरखाली हलविते. तिच्या छातीचा पांढरा रंग खांद्यापुढे पाचरीसारखा वर चढलेला असतो, आणि ती पाण्याला चिकटून, पंख ताठ ठेवून थरथरत उडते. हिरवी तुतारी उडाली की जवळजवळ काळी आणि कमरेशी पांढरीशुभ्र दिसते. तिच्या पंखांची खालची बाजू काळसर असते. ठिपकेवाल्या तुतारीचीही कंबर पांढरी असते, परंतु पंखांची खालची बाजू फिकट, पाय लांबसर व पिवळट आणि पाठ ठिपक्यांनी भरलेली असते. तात्पर्य, ह्या पक्ष्यांच्या बाबतीत ते उडेपर्यंत वाट पाहावी. मात्र मुद्दाम उडवू नये.

अचूक नावाचे मोल

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. बगळा हा बगळाच. तो छोटा की मध्यम ह्याने काय बिघडते?

१९७१ मध्ये इराणमधील रामसर ह्या गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. एखादी जागा ह्या कराराखाली महत्त्वाची ठरविण्याच्या ज्या कसोट्या आहेत, त्यांतील एक अशी की, एखाद्या जातीच्या विशिष्ट प्रदेशातील एकूण संख्येपैकी किमान एक टक्का पक्षी तेथे नियमितपणे असावेत. 'बदके: दोन हजार' अशा नोंदीने ही कसोटी लावता येत नाही. दोन हजारांत चक्रांग किती, गडवाल किती, हे कळल्यावाचून ती नोंद ह्या कामी निरुपयोगी ठरते.

ही संख्या मोजतात ते बव्हंशी हौशी नागरिक. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ मध्ये सुरू झाली आणि दर जानेवारीत ती अनेक देशांत होते. शिक्षक, विद्यार्थी, वनरक्षक आणि पक्षिमित्र तलावांच्या काठी उभे राहून आकडे लिहितात. एखादी जाती घटत आहे की वाढत आहे, हे वर्षानुवर्षांच्या अशाच आकड्यांवरून ठरते. छोट्या पाणकावळ्यांची जागा भारतीय पाणकावळे घेत असतील आणि दोघांनाही आपण 'पाणकावळा' एवढेच लिहीत असू, तर कागदावर काहीच घडलेले दिसणार नाही.

चुकीच्या ओळखीने खोटी आशाही उत्पन्न होते. गुलाबी डोक्याचे बदक पूर्वी विशेषतः बिहार-बंगालच्या दलदलींत आढळे. १९३५ मध्ये दरभंगा भागात मिळालेला पक्षी हा त्याचा अखेरचा खात्रीलायक नमुना मानला जातो. त्यानंतर ते दिसल्याच्या वार्ता पुनःपुन्हा आल्या. परंतु लालसर डोक्याचे एक हिवाळी पाहुणे बदक दुरून त्याच्यासारखे भासते, आणि अशा वार्तांपैकी काहींचे मूळ ह्या साम्यात असावे असे पक्षिशास्त्रज्ञांचे मत आहे. ज्याने दोन्हींचे भेद मनात पक्के केलेले नाहीत, त्याची साक्ष कितीही प्रामाणिक असली तरी विज्ञानाच्या उपयोगी पडत नाही.

नोंदवही

शाळेच्या सहलीस निघताना प्रत्येक विद्यार्थ्याजवळ वही आणि पेन्सिल असावी. चार-पाच जणांत एक दुर्बीण पुरते. आठपट मोठे दाखविणारी सर्वांत सोयीची. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. पक्षी दिसताच पुस्तक उघडू नये. आधी त्याची ओबडधोबड आकृती काढावी, चोच, मान, पाय आणि शेपटी ह्यांपुढे जे दिसले तेच लिहावे, वेळ, जागा आणि वागणूक नोंदवावी, आणि पक्षी निघून गेल्यावरच पुस्तकातील चित्रांशी ताडून पाहावे. पुस्तक आधी पाहिले की डोळे चित्रातील खुणा पक्ष्यावर शोधू लागतात आणि नसलेल्याही त्यांना सापडतात.

एवढे करूनही काही पक्षी ओळखता येणार नाहीत. ते फार दूर असतील किंवा प्रकाश अपुरा असेल. अशा ठिकाणी अंदाजाने नाव लिहू नये. 'बगळा, जाती अनिश्चित' किंवा 'लहान बदक, मादी, अनिश्चित' असे लिहावे. पाणपक्षी गणनेच्या तक्त्यांतही जाती न ओळखलेल्या पक्ष्यांसाठी स्वतंत्र जागा ठेवलेली असते. ती रिकामी राहिली नाही म्हणून कोणी ओशाळू नये. तिच्यामुळेच त्या तक्त्यातील इतर आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

येत्या हिवाळ्यात आपल्या गावाजवळच्या तलावावर जाऊन आरंभ बगळ्यांपासून करावा. ते मोठे असतात, उघड्यावर उभे राहतात आणि पाहणाऱ्यास पुरेसा वेळ देतात. चार पांढऱ्या बगळ्यांना चार नावे निश्चितपणे देता आली की पाणकावळ्यांकडे वळावे, आणि बदकांच्या माद्या शेवटी घ्याव्यात.